चिलखत, जाळ्याचा आस आणि ३ सारखं एक अक्षर

प्रश्न : नमस्कार बाई. मी कागलचा. विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. करतोय आणि संध्याकाळी तालमीत मर्दानी खेळ खेळतो. चिलखतांविषयी वाचताना जुन्या स्कॉट्स भाषेतला एक शब्द समोर आला. त्यात 'एल' नंतर आपल्या मराठी ३ सारखं काहीतरी छापलं होतं. दुसऱ्या पुस्तकात त्याच जागी 'झेड' दिसला. मित्र म्हणतो उच्चार 'मेल्झी' असणार. नक्की काय वाचायचं? आणि चिलखताचा 'मेल', टपालाची 'मेल' आणि ब्लॅकमेलमधला 'मेल' एकाच घरातले का?

उत्तर : पोरा, त्या शब्दात झ नाही, हे मित्राला आधी सांग. मीसुद्धा बी.ए.ला असताना करवीर नगर वाचन मंदिरात बसून हा शब्द झ घालून वहीत उतरवून घेतला होता आणि पुढे कित्येक वर्षं तसाच म्हणत होते. म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून आधी हेच लिहायला घेतलं.

तो शब्द, म्हणजे कड्यांच्या चिलखताचं जुनं स्कॉट्स नाव, 'मेल्ये' किंवा 'माल्ये' असा वाचायचा. ल आणि य एकजीव, आपल्या 'मूल्य' किंवा 'कल्याण'मधल्यासारखे. तुला ३ सारखं दिसलं त्या अक्षराचं नाव 'योख'. ते मधल्या काळातल्या इंग्रजीतही होतं, पण स्कॉट्स लेखनात जास्त टिकलं. अशा शब्दांत त्याचं काम आपल्या य चं. छपाई आली तेव्हा पंचाईत झाली. एडिनबरोत १५०८ च्या सुमाराला पुस्तकं छापली जाऊ लागली, पण छापखान्यांच्या खिळ्यांत योख सहसा नसायचा. हस्तलिखितात त्याचा आकार शेपटीवाल्या झेडसारखाच दिसे, म्हणून खिळे जुळवणाऱ्यांनी झेड बसवला. पुढच्या पिढ्यांनी तो झेड खरा मानला. मेंझीस हे आडनाव स्कॉटलंडमधली जुनी माणसं 'मिंगिस' असं म्हणतात, डॅलझील लिहिलेलं 'डीएल' होतं आणि किनाऱ्यावरच्या एका प्रसिद्ध वाड्याचं नाव कुल्झीन लिहून 'कलेन' वाचतात. त्यातला एकही झ मूळचा नाही.

आपल्याला हे कळायला फार लांब जायला नको. रंकाळा आणि पन्हाळा इंग्रजीत लिहिले की ळ चा ल होतो आणि बाहेरून आलेला माणूस बसमधून उतरून 'पन्हाला कुठून जायचं' असं विचारतो. त्याचा दोष नाही. त्याच्यासमोरच्या पाटीवर ळ नव्हताच. एखादं अक्षर लिपीतून गेलं की त्याच्यामागे आवाज जातो, आणि आवाज गेला की शब्द कुठून आला तेही पुसलं जातं. म्हणून मला या योखाचं एवढं महत्त्व वाटतं. जुन्या स्कॉट्सचा मोठा कोश १९३१ पासून निघू लागला आणि बारा खंड पुरे व्हायला २००२ साल उजाडलं. त्या कोशकारांनी हे अक्षर जसंच्या तसं ठेवलं. सत्तर वर्षं चाललेल्या कामात एका अक्षराची इतकी कदर करणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

आता आवाजावरून मूळ बघ. शब्द आला फ्रेंच 'माय्य'वरून, आणि फ्रेंच शब्द लॅटिन 'माकुला'वरून. माकुला म्हणजे ठिपका, डाग, आणि जाळ्यातलं भोकही. पंचगंगेवर जाळं टाकणारे भोई जाळ्याच्या एका घराला 'आस' म्हणतात ना, बारीक आसाचं जाळं, मोठ्या आसाचं जाळं, तोच अर्थ. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दात ल्य सारखा ओला ल होता. आजच्या फ्रेंचांनी त्यातला ल सोडला आणि य राखला. इंग्रजांनी उलट केलं, ल राखून य सोडला आणि 'मेल' केलं. स्कॉटांनी दोन्ही राखले. हे या एकाच शब्दात नाही. शिंप्याला ते 'टेल्यर' म्हणत आणि फसण्याला 'फेल्ये', दोन्हीकडे तोच ३ सारखा योख.

म्हणजे चिलखताचं नाव लोखंडावरून पडलेलं नाही, कडीवरूनही नाही. पडलं ते कड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवरून. माझं माहेर हुपरीचं, पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या घरातलं, म्हणून मला या गोष्टीचा विशेष आनंद होतो. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

तुझ्या तीन 'मेल'पैकी कोणाचंच कोणाशी नातं नाही. चिलखताचा मेल जाळ्याच्या आसातून आला. टपालाची मेल ही जुन्या फ्रेंचमधली पिशवी, जिच्यात पत्रं भरून नेत. ब्लॅकमेलमधला मेल मात्र अस्सल स्कॉट्स, तोही उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला. मूळ अर्थ बोलणं, ठराव, आणि त्यावरून ठरलेला खंड. स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या भाड्याला 'मेल' म्हणत. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या लुटारू टोळ्या 'तुझी गुरं आम्ही नेणार नाही, आणि दुसऱ्यालाही नेऊ देणार नाही' असं सांगून शेतकऱ्याकडून जे उकळत, तो काळा मेल. मराठीत खंडणी म्हण. त्याचा चिलखताशी संबंध इतकाच, की वसुलीला येणाऱ्याच्या अंगात कधीमधी ते असायचं.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाक. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण, सखल भागातली, आणि पंधराव्या शतकात तिथल्या दरबाराची न् संसदेची भाषा. डोंगराळ भागातले गेलिक बोलणारे लोक चिलखताला 'लूरिअख' म्हणत, लॅटिन 'लोरिका'वरून.

'मेल्ये' हे कड्यांच्या कामाचं नाव झालं. त्यापासून केलेल्या पोशाखांची नावं वेगळी, आणि त्यांतही मौज आहे. गुडघ्यापर्यंतचा लांब सदरा तो हॉबर्क, स्कॉट्समध्ये 'हॉब्रेक'. जर्मानिक मुळात त्याचा अर्थ गळा राखणारं. त्याचं आखूड भावंड 'हॅबर्जन'. आणि सगळ्यात जुना शब्द 'बर्नी'. नॉर्समध्ये तो 'ब्रिन्या' होता, मधल्या काळातल्या इंग्रजीत 'ब्रिनी'. स्कॉटांच्या तोंडात र आणि स्वर यांची अदलाबदल झाली आणि बर्नी झाला. आपण चिकटणे म्हणता म्हणता चिटकणे म्हणतो, तसंच. आज इंग्रजीत लिहिणारे इतिहासकार वायकिंगांच्या चिलखतालाही बर्नी म्हणतात. म्हणजे हा स्कॉटिश वळणाचाच शब्द सगळ्यांनी उचलला.

तू मर्दानी खेळातला, म्हणून एक जागा दाखवते. १४७० च्या दशकात ब्लाइंड हॅरी नावाच्या कवीनं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या विल्यम वॉलेसवर मोठं स्कॉट्स काव्य रचलं. त्यात वॉलेस अंगरख्याखाली हॅबर्जन घालतो, टोपीच्या आत पोलादी टोपी बसवतो आणि हातातले पत्र्याचे मोजे कापडानं झाकतो. वरून बघणाऱ्याला साधा माणूस दिसावा. हे वाचल्यावर कोल्हापूरच्या माणसाला १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड आठवल्याशिवाय राहील का? त्या दिवशीचं इंग्रजीतलं एक गाजलेलं वर्णन लिहिलं ग्रँट डफनं, साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणाऱ्या गृहस्थानं. महाराजांनी पगडीखाली पोलादी साखळ्यांची टोपी आणि सुती अंगरख्याखाली साखळ्यांचं चिलखत चढवलं, असं तो सांगतो. ग्रँट डफ स्कॉटलंडचा, बॅन्फ गावचा. वॉलेसचं काव्य त्याच्या कानावर होतं असा माझा दावा नाही. पण त्यानं तिथं 'साखळी' हा शब्द वापरला, हे मात्र ध्यानात ठेव. मध्ययुगात चिलखताला कुणी साखळी म्हणत नसे, नुसतं मेल. साखळीत एक कडी दोन कड्यांना धरते, जाळ्यात चौघींना. 'चेनमेल' हे नंतरच्या लोकांनी जोडलेलं नाव, आणि माझ्या मते चुकीचं. आपण ते मराठीत 'साखळी-चिलखत' असं आणू नये.

आपले शब्द सरस आहेत. जिरेटोपातलं 'जिरे' स्वयंपाकघरातलं नव्हे, ते फारसी 'जिरिह', म्हणजे कड्यांचं चिलखत. 'जिरेबख्तर' या जोडशब्दात तेच आहे. तुझ्या तालमीत कुणाला विचार, जिरेटोप म्हणजे काय. उत्तर मिळालं नाही तर तू सांग.

प्रश्न : बाई, आम्ही इचलकरंजीचे, घरात यंत्रमाग आहेत. चिलखत 'विणलेलं' असतं असं मुलाच्या पुस्तकात लिहिलंय. ताण्या-बाण्याशिवाय विणणं कसलं? आणि एवढ्या भोकांतून बाण आत जात नसे का?

उत्तर : ताई, तुमचा पहिला आक्षेप रास्त आहे. चिलखतात उभा धागा नाही, आडवाही नाही, माग तर नाहीच. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते, दोन वरच्या ओळीतल्या, दोन खालच्या. फार तर जाळं विणण्याशी किंवा दोन सुयांच्या विणकामाशी त्याचं नातं लावता येईल. फ्रेंचमध्ये लोकरीच्या विणकामातल्या टाक्यालाही तोच शब्द आहे, जो चिलखताच्या कडीला.

माझी आई दुपारची जेवणं उरकली की उंबऱ्याशी उजेडात बसायची. पुढ्यात ताट, ताटात चांदीच्या कड्या, हातात दोन चिमटे. कडी उघडताना ती दोन टोकं कधी एकमेकांपासून लांब ओढायची नाही. एक टोक पुढं, एक मागं, असं बाजूला वळवायची आणि तशीच परत आणायची. लांब ओढलेली कडी पुन्हा गोल होत नाही, हे मला सहाव्या वर्षी कळलं होतं. तार ओढायची भोकांची पट्टी, तार गुंडाळायची सळई, गुंडाळलेलं वेटोळं एका रेषेत कापलं की ओंजळभर कड्या, हे सगळं मी घरात बघितलं. युरोपातला चिलखत करणारा कारागीर इथपर्यंत हेच करायचा. पुढे रस्ते वेगळे होतात. हुपरीत कडी झाळून बंद करतात. तो कडीची टोकं एकावर एक चढवायचा, ठोकून चपटी करायचा, त्यात बारीक भोक पाडायचा आणि कणाएवढा खिळा घालून दोन्हीकडून ठोकायचा. प्रत्येक कडीला. चौदाव्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी एक ओळ अशा खिळ्याच्या कड्यांची आणि एक ओळ सलग, जोड नसलेल्या कड्यांची असे. नंतर सगळ्याच खिळ्याच्या. एका लांब सदऱ्यात वीस ते तीस हजार कड्या लागत आणि वजन दहा किलोच्या पुढं जाई. कमरेला पट्टा आवळला की थोडा भार कमरेवर उतरतो, नाहीतर सगळा खांद्यावर. नाटकातली चिलखतं नुसती टोकाला टोक लावलेल्या कड्यांची असतात. जोरात ओढली की उघडतात. खरं चिलखत त्या कणाएवढ्या खिळ्यावर उभं असायचं.

बाणाचं विचाराल तर, तलवारीचा वार कड्यांवरून घसरतो, चिलखताची खरी कमाई तिथं. अणकुचीदार, निमुळता बाण जवळून बसला तर कडी फोडू शकतो. आणि गदेचा किंवा कुऱ्हाडीचा दणका कडी न तुटताही हाड मोडतो, कारण जाळं वाकतं. म्हणून आतून किंवा वरून जाड, टाके घातलेला डगला हवाच. आता इचलकरंजीच्या माणसाला आवडेल असं सांगते. या डगल्याचं स्कॉटलंडमधलं नाव 'ॲक्टन'. ते फ्रेंचमधून आलं, फ्रेंचमध्ये अरबीतून, आणि अरबी मूळ 'अल-कुत्न', म्हणजे कापूस. इंग्रजी 'कॉटन'चं मूळही तेच. कापसाचं एक रोप न उगवणाऱ्या देशात सैनिकाच्या डगल्याचं नाव कापूस!

हे नाव कायद्यातही आहे. १३१८ मध्ये रॉबर्ट ब्रूस राजाच्या संसदेनं स्कोन इथं ठरवलं, की ज्याच्याकडे दहा पौंडांची मालमत्ता आहे त्यानं राज्याच्या रक्षणासाठी ॲक्टन, शिरस्त्राण, पत्र्याचे हातमोजे, भाला आणि तलवार बाळगावी. ॲक्टन आणि शिरस्त्राण नसेल त्यानं चांगलं हॅबर्जन आणि लोखंडी टोपी ठेवावी. आणि ज्याची सगळी मत्ता एका गायीच्या किमतीएवढी, त्यानं भाला तरी ठेवावा, नाहीतर धनुष्य आणि चोवीस बाण. या कायद्यातली गाय मला फार जवळची वाटते. गोठ्यात एकच गाय असलेल्या माणसालाही त्यांनी हिशेबात धरलं होतं, आणि त्याला चिलखत परवडणार नाही हेही ओळखलं होतं.

ही हत्यारं खरंच घरात आहेत का, ते बघायला वर्षातून ठरावीक दिवशी हजेरी भरे. तिला 'वापिनशॉ' म्हणत, हत्यारं दाखवणं. १४५८ मध्ये, दुसऱ्या जेम्सच्या काळात, संसदेनं हजेरी नीट व्हावी आणि लोकांनी धनुष्याचा सराव करावा म्हणून फुटबॉल आणि गोल्फ बंद करायचा ठराव केला. आमच्या पेठांत फुटबॉलसाठी लोक काय काय करतात ते मी जन्मभर बघत आले आहे. त्यामुळे असला हुकूम पाळला गेला नसणार, असं मला वाटायचं. पुढच्या राजांनी तोच हुकूम पुन्हा पुन्हा काढला, त्यावरून दिसतंच.

डगला एकट्यानंही चाले. जॉन मेअर या स्कॉटिश विद्वानानं १५२१ च्या आपल्या इतिहासात लिहिलंय, की डोंगराळ मुलखातले वरचे लोक लोखंडी कड्यांचं चिलखत घालून लढतात आणि सामान्य माणसं पदरावर पदर शिवलेला, मेण किंवा डांबर फासलेला तागाचा डगला. वर हरणाचं कातडं. हा पदरावर पदर आपल्याकडेही आहे. फारसीत 'चिहल' म्हणजे चाळीस. अकबराच्या शस्त्रागाराच्या यादीत अबुल फजल 'चिहलकद' नावाचा एक लढाऊ पोशाख नोंदवतो, आणि आपलं 'चिलखत' त्याच घरातलं. म्हणजे तिकडं जाळ्याच्या भोकावरून नाव पडलं, इकडं कापडाच्या पदरांवरून. आम्ही मराठीत लोखंडाच्या कड्यांनाही कापडाच्याच नावानं हाक मारली. तुमच्या मागावरच्या कापडाला एवढा मान आहे, ताई.

प्रश्न : आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. आजोबांच्या पेटीत एक कड्यांचं चिलखत आहे, दसऱ्याला पूजेला काढतो. बरंच गंजलंय. चिंच लावून वाळूनं घासावं का? कुणीतरी सांगितलं, जुन्या काळी असंच करत.

उत्तर : जुन्या काळी करत, हे खरं. युरोपात चिलखत पिंपात घालून वाळूसकट गडगडवत नेत, कधी शिरका घालून. पण ते चिलखत नवं होतं, कड्या जाड होत्या, आणि चार वर्षांनी फाटलं तर कारागीर गावातच होता. तुमच्या चिलखताच्या कड्यांत किती लोखंड उरलंय आणि किती नुसता गंज आहे, ते वरून कळत नाही. चिंच, लिंबू, शिरका काही लावू नका. ते गंजाबरोबर कणाएवढा खिळाही खातात. वाळू तर नकोच. पूजेला काढाल तेव्हा हळद-कुंकू आणि पाण्याचा हात चिलखताला थेट लागू देऊ नका. पाटावर कापड अंथरा, चिलखत त्यावर ठेवा, कुंकू पाटाला लावा. देवाला ते पोचतं.

खुंटीला टांगू नका, स्वतःच्याच वजनानं खांद्याच्या कड्या उघडतात. आडवं, धुतलेल्या मऊ सुती कापडात, घडी न घालता ठेवा. लाकडी पेटी पावसाळ्यात ओल धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बदला. सैल धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झाडा, त्यापलीकडे हात लावू नका. आणि एकदा ते जाणकाराला दाखवा. न्यू पॅलेसमधल्या छत्रपती शहाजी संग्रहालयात आणि टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन विचारा, की धातूच्या वस्तूंचं जतन करणारं माणूस कोण. जाताना चिलखत पिशवीत कोंबून नेऊ नका, आधी फोटो घेऊन जा. खांदा, काख आणि गळा यांचे जवळून काढलेले, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. काखेजवळच्या कड्यांना खिळे आहेत का ते त्यात दिसेल. दिसले तर मलाही एक प्रत पाठवा.